एनडीएचे पहिले काही आठवडे : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे तिन्ही दलांचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, जाणाऱ्या किंवा नुकत्याच गेलेल्या मुलामुलींच्या घरच्यांनी काय विचारायचं असेल ते बिनधास्त विचारा, आणि पत्रं-मेसेज एवढे आले की प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं शक्यच नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं छापत नाही, फक्त गाव. उत्तरं देणारा मी तिथं तीन वर्षं काढलेला, नंतर फौजेत नोकरी करून रिटायर झालेला माणूस आहे. आता पोरांना एसएसबीसाठी, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीसाठी, मदत करतो, त्यामुळे दर सहा महिन्यांनी कुणाची तरी आई किंवा बाबा मला फोन करतातच.

सर, माझा मुलगा जुलैच्या कोर्सला गेला. आत्तापर्यंत दोनदाच फोन आला. आवाज पूर्ण बसलेला, "आई सगळं ठीक आहे" एवढंच म्हणाला, जेवणाचं विचारलं तर म्हणे मागे लाइन आहे, ठेवतो. मला रात्र-रात्र झोप नाही. नक्की काय चाललंय तिथं? — एक आई, बार्शी

ताई, आधी आवाजाचं सांगतो कारण सगळ्या आया त्याच गोष्टीनं घाबरतात. तो रडून बसलेला आवाज नाही. ड्रिल शिकवताना प्रत्येक हालचालीचा टाइम तोंडानं ओरडून घ्यावा लागतो, "एक, दो-तीन, एक" असं, आणि हळू ओरडलं की उस्ताद, म्हणजे ड्रिल शिकवणारे, सगळ्या स्क्वाडला (तुकडीला) परत पहिल्यापासून करायला लावतात. हे रोज, वर पावसाळा, वर सिनिअर हाक मारेल तेव्हा खणखणीत आवाजात उत्तर द्यायचं. आठवडाभरात घसा जातोच, सगळ्यांचाच जातो, आणि मग हळूहळू पोटातून ओरडायचं जमतं आणि आवाज परत येतो.

बाकी दिवस कसा जातो म्हणाल तर पहाटे पाचच्याही आधी उठायचं, दाढी, बूट, केबिन म्हणजे आपली खोली आवरणं, मग फॉल इन, म्हणजे रांगेत हजर. मग पीटी नाहीतर ड्रिल, नाश्ता, मग क्लास. तिथं तीन वर्षांत डिग्रीसुद्धा करायची असते, जेएनयूची, बीए, बीएस्सी, कॉम्प्युटर सायन्स किंवा बीटेक, त्यामुळे अभ्यास नावापुरता नसतो. दुपारनंतर गेम्स, संध्याकाळी स्टडी पिरियड, जेवण, आणि मध्ये जो काही मोकळा वेळ सापडेल तो सिनिअर्स मोकळा राहू देत नाहीत. एका जागेहून दुसऱ्या जागी जायचं तर सायकलवर, तेही स्क्वाड करून, दोन-दोनच्या रांगेत, आणि सायकल पंक्चर असली तर ती हातात धरून पळायचं. पहिल्या टर्मला, म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत, चालणं असं काही नसतंच, सगळं डबलमध्ये. त्यामुळे पोरं क्लासमध्ये बसली की पाचव्या मिनिटाला माना टाकतात. त्या सुदान ब्लॉकचा फोटो तुम्ही पेपरात बघितला असेल, मोठा घुमटवाला, दुसऱ्या महायुद्धात आपले जवान सुदानसाठी लढले त्याच्या आठवणीत सुदान सरकारनं पैसे दिले होते, फाळणीनंतर भारताच्या वाट्याला ७०,००० पौंड आले, त्यातून बांधलाय. एवढ्या देखण्या इमारतीत बसून फर्स्ट टर्मरला दिसतं काय तर फक्त झोप, आणि सर चिडले की मागं जाऊन उभं राहायचं.

जेवतो का? भरपूर जेवतो. मेस एवढी मोठी आहे की दोन हजारांवर कॅडेट एकाच वेळी बसतात, जेवण चांगलं असतं, शाकाहारी पोरांचीही सोय असते. फक्त सुरुवातीला ताठ बसून, काट्या-चमच्यानं, आणि सिनिअरच्या प्रश्नांना उत्तरं देत देत जेवायचं असतं आणि वेळ कमी, त्यामुळे चार-पाच किलो वजन उतरतं. पहिल्या सुट्टीत घरी आला की ओळखू येणार नाही, तयारी ठेवा.

फोनचं म्हणाल तर पहिल्या टर्मला मोबाइल हाताशी नसतो, ठरलेल्या वेळी रांगेत उभं राहून बोलायचं आणि मागे खरंच दहा पोरं थांबलेली असतात. त्या दोन मिनिटांत तुम्ही "त्रास होतो का, मारतात का, परत येतोस का" विचारलंत तर तो "ठीक आहे" म्हणेल नाहीतर गप्प होईल. त्यापेक्षा विचारा, शेजारच्या केबिनमध्ये कोण आहे, कुठला आहे, त्याचे बाबा काय करतात. चौथ्या आठवड्यापर्यंत पोरगा तीन-चार कोर्समेटची नावं घेऊन काहीतरी किस्सा सांगायला लागला ना, की तुम्ही निवांत झोपा, गाडी रुळावर आहे. पण तो नुसता "मला जमत नाही, मला जमत नाही" एवढंच म्हणतोय, कुणाचंच नाव घेत नाहीये, झोप नाही, खाणं नाही असं वारंवार ऐकू आलं तर वाट बघू नका. प्रत्येक स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे पोरं एकत्र राहतात त्या गटात, डिव्हिजनल ऑफिसर असतात, पोरं त्यांना डिवो म्हणतात. ते सर्व्हिंग अधिकारी असतात आणि आईबापाच्या फोनचा त्यांना राग येत नाही. मुलाला कमीपणा येईल म्हणून पालक गप्प बसतात, ते मला अजिबात पटत नाही. आणि हो, पत्र लिहा, कागदावर. फोन दोन मिनिटांत संपतो, पत्र तो बूट पॉलिश करताना चार वेळा वाचतो.

मुलाचं सिलेक्शन झालंय, जानेवारीला जायचंय. सध्या रोज १० किलोमीटर पळतो, आता १५ करायचं म्हणतोय. पायाच्या नडगीत थोडं दुखतं पण तो म्हणतो सवय होईल. बरोबर आहे का? — एक बाबा, इस्लामपूर

नाही दादा, अजिबात बरोबर नाही, त्याला आजच थांबवा. जायच्या आधी काय यायला हवं ते एनडीएच्या कागदपत्रांत स्वच्छ लिहिलेलं असतं : २.४ किलोमीटर १५ मिनिटांत, पुशअप आणि सिटअप किमान वीस-वीस, चिनअप किमान आठ, तीन-चार मीटर रोप चढणं, थोडं स्किपिंग. बस. यापेक्षा थोडं वर असलं तर उत्तमच, पण रोज १५ किलोमीटर डांबरी रस्त्यावर पळून नडगी दुखावलेली घेऊन खडकवासल्याला जाणं म्हणजे आजारी पडून लग्नाला जाण्यासारखं आहे.

त्यामागचं कारण समजून घ्या. हाडाला जास्त भार पडला की ते स्वतःला मजबूत करतं पण त्याला वेळ लागतो, स्नायूंपेक्षा बराच जास्त. पहिल्या आठवड्यांत भार एकदम वाढतो, दिवसभर पळणं, कडक टाचेचे ड्रिल बूट सिमेंटवर आपटणं, वर झोप कमी. मग नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते, तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात, आणि जगभरच्या सगळ्या मिलिटरी अकॅडमींमध्ये नवीन पोरांचं हेच दुखणं असतं. पहिल्यांदा पळताना दुखतं, मग पळून झाल्यावरही, मग रात्री झोपेत. बोटानं दाबलं की एकाच जागी ठणका उठतो. या टप्प्यावर दाखवलं तर काही आठवडे आराम करून हाड जुळतं. लपवलं तर पूर्ण मोडतं आणि टर्म जाते.

आणि पोरं लपवतातच. रेलिगेट होईन म्हणून घाबरतात, रेलिगेशन म्हणजे सहा महिने मागं, ज्युनिअर कोर्सबरोबर. एमआयची, म्हणजे तिथल्या दवाखान्याची, चिठ्ठी घेऊन ड्रिलला बाजूला बसलं की कोर्समेट काय म्हणतील याचीही लाज वाटते. मुलाला निघतानाच सांगून ठेवा की दुखलं तर दाखवायचं, घरून कुणी काही बोलणार नाही. सहा महिने मागं पडून पुढं उत्तम अधिकारी झालेले कितीतरी आहेत, मी त्यांच्याबरोबर नोकरी केलीय.

आता राहिलेल्या दिवसांत काय करायचं, तर पळणं कमी करा, मातीवर पळू दे, आठवड्यातून दोन दिवस पूर्ण बंद. नडगी दुखतेय ती डॉक्टरला दाखवा. वाचलेला वेळ पोहण्याला द्या. तिथं पोहता न येणाऱ्या पोरांची अवस्था बिकट होते कारण शिकवतात जरूर पण बाकीचे आराम करत असताना हे पाण्यात असतात, आणि उंच बोर्डावरून उडी मारावी लागते. विहिरीत पोहणाऱ्या पोराला हा त्रास नाही, शहरातल्या आणि दुष्काळी भागातल्या पोरांना असतो. आणि मांड्या, पोट, खांदे यांचा व्यायाम, कारण फ्रंट रोल (कोलांटी) आणि रोप हे पायांपेक्षा तिथंच लागतं. फोड आले तर कातडी ओढायची नाही, सुईनं पाणी काढून वरची कातडी तशीच ठेवायची, कोरडे मोजे घालायचे. जुलैच्या कोर्सवाल्यांना कोरडे मोजे हीच मोठी अडचण असते कारण खडकवासल्याच्या पावसात काहीच वाळत नाही. तुमचा जानेवारीत जातोय, त्याला पहाटेची थंडी आहे पण मोजे तरी वाळतील.

माझं शिक्षण पूर्ण मराठी मीडियममध्ये झालं, अकरावी-बारावी संभाजीनगरला एसपीआयमध्ये (सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, एनडीएची तयारी करून घेणारी संस्था) केली. लेखी, एसएसबी दोन्ही निघालं पण इंग्रजी बोलताना अजून अडखळतो. तिथं सगळे पब्लिक स्कूलवाले असणार. माझं कसं होणार? — एक विद्यार्थी, जत

मित्रा, तुझ्यासारखे तिथं भरपूर असतात. हरियाणातल्या खेड्यातला असतो, बिहारमधला असतो, मणिपूरचा असतो ज्याची हिंदी तुझ्यापेक्षा कच्ची असते, शिवाय भूतान, ताजिकिस्तान अशा मित्रदेशांचे कॅडेट असतात ज्यांना दोन्ही नव्यानं शिकायचं असतं. आणि मजा बघ, ड्रिलचे हुकूम सगळे हिंदीत, सावधान, विश्राम, तेज चल, दाहिने मुड, तिथं कॉन्व्हेंटवाला केरळी पोरगा गोंधळतो आणि तू नाही. क्लास इंग्रजीत असतात, रोजचं बोलणंही इंग्रजीत करायचं असतं आणि चुकलास तर लोक हसतील, पाच मिनिटं. त्यानंतर त्यांना स्वतःचे बूट पॉलिश करायचे असतात.

तुझ्याकडं राज्य सरकारच्या एसपीआयची दोन वर्षं आहेत हे विसरू नकोस. ती संस्था १९७७ पासून याच कामासाठी आहे, तिथं पहाटे उठणं, मैदान, ग्रुपमध्ये बोलणं तुझं झालंय. घरून थेट येणाऱ्या पोराला पहिल्या आठवड्यात जे बसतं ते तुला निम्मंच बसेल.

एक मात्र मनापासून सांगतो. तिथं आपली पाच-सहा मराठी पोरं भेटतील, पुण्या-साताऱ्याची, एसपीआयची, सातारा सैनिक स्कूलची. जीव लागेल. पण चोवीस तास त्यांच्यातच राहून मराठीत बोलत बसलास तर इंग्रजी तर सुधारणार नाहीच, वर तुझ्याच स्क्वाड्रनमधली बाकीची पोरं परकी राहतील, आणि पहिल्या टर्मला स्क्वाड्रनमधला कोर्समेट हाच एकमेव आधार असतो. मेसमध्ये मुद्दाम मिझो, तमिळ, पंजाबी पोराशेजारी बस. जायच्या आधी रोज पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाच आणि तीच बातमी न बघता दोन मिनिटं स्वतःच्या शब्दांत सांग. एवढं केलंस तरी फरक पडेल.

सर स्पष्ट विचारतो, रॅगिंग होतं की नाही? यूट्यूबवर रगडा, पट्टी परेड असं काय काय ऐकलं, काही लोक त्याचं कौतुक करतात. माझ्या भावाला पाठवायचंय. — एक वाचक, परभणी

स्पष्टच उत्तर देतो. रगडा, म्हणजे सिनिअरनी शिक्षा म्हणून करून घेतलेली अंगमेहनत, होतो. आणि रॅगिंगला, म्हणजे मारहाण, अपमान, पैसे किंवा सामान घेणं, अंगाला हात लावणं याला अकॅडमीत बंदी आहे, आणि पकडला गेला तर सिनिअरची कारकीर्द तिथंच संपू शकते. या दोन्हींमध्ये रेषा आहे पण ती प्रत्येक सिनिअर पाळतोच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण एकोणीस-वीस वर्षांच्या पोराच्या हातात अधिकार दिला की काही जण वाहवतात.

पट्टी परेड काय असते ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. सगळे फर्स्ट टर्मर स्क्वाड्रनसमोर फॉल इन. हुकूम येतो, अमुक मिनिटांत ड्रिलच्या ड्रेसमध्ये खाली या. पळत जिने चढायचे, केबिनमध्ये शिरायचं, कपडे उतरवायचे, दुसरे घालायचे, पायाला पट्ट्या गुंडाळायच्या, त्या गुडघ्याकडं नाही तर घोट्याभोवती, टोक बाहेरच्या बाजूला बरोबर जागेवर यायला हवं, बेल्ट, कॅप, पळत खाली. एकाचं बटण उघडं. सगळे परत वर, आता पीटी ड्रेस. मग परत ड्रिल. मग मुफ्ती, म्हणजे साधे कपडे, टायसकट. तासाभरात केबिन अशी होते की चोर येऊन गेलेत असं वाटावं, आणि दहा मिनिटांनी केबिनची तपासणी.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक पोरगा एकटा धडपडतो. जो चपळ असतो तो सगळ्यात आधी खाली येऊन ताठ उभा राहतो आणि त्याला वाटतं आपण सुटलो. सुटत नाही, कारण शेवटचा पोरगा उशिरा आला म्हणून सगळ्यांनाच परत वर पाठवतात, त्या चपळ पोरालाही. दोन-तीन आठवड्यांनी काय होतं, तो चपळ पोरगा स्वतःचं आवरून शेजारच्या केबिनमध्ये घुसतो आणि गुडघ्यावर बसून दुसऱ्याच्या पायाच्या पट्ट्या बांधायला लागतो. हे कुणी शिकवत नाही, पुस्तकात नाही. माझ्या मते पहिल्या टर्ममध्ये याच्याएवढं महत्त्वाचं दुसरं काहीच घडत नाही, कारण पुढं बारा वर्षांनी सियाचीनला असो नाहीतर जहाजावर, एकट्यानं वेळेत पोचलेल्या माणसाचा कुणाला उपयोग नसतो. म्हणून मी पट्टी परेडच्या, फ्रंट रोलच्या, पुशअपच्या बाजूनं आहे. चुकांबद्दल अधिकृत शिक्षाही असतात, एक्स्ट्रा ड्रिल, रिस्ट्रिक्शन, आणि सिंहगड. आपण जिथं रविवारी पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायला जातो तिथं ही पोरं शिक्षा म्हणून पळत जातात.

पण ज्या रगड्यात एकट्या पोराला रात्री बोलावून घेतलं, ज्यातून जखम झाली, ज्यात त्याची जात, भाषा, रंग, घर यावरून बोललं गेलं, ते ट्रेनिंग नाही. त्याचं कौतुक करणाऱ्यांचे व्हिडिओ बघून भाऊ गेला तर "सगळ्यांचं असंच असतं" म्हणून सोसत बसेल. त्याला सांगा, असं झालं तर त्याच दिवशी आपल्या ओव्हरस्टडीला सांग, म्हणजे त्याला वाट दाखवायला एक सिनिअर कॅडेट नेमलेला असतो त्याला, आणि तोच त्रास देणारा असेल तर सरळ डिवोकडं. तक्रार केली म्हणून कोर्समेट तोंड फिरवतील ही भीती खरी असते, म्हणून एकट्यानं न जाता दोघा-तिघांनी मिळून जायचं.

मुलींना वेगळं, सोपं ट्रेनिंग असतं का? माझ्या लेकीला एनडीएच हवंय आणि घरात सगळे म्हणतात ओटीए (ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी) कर. — एक आई, नाशिक

सोपं तर मुळीच नाही. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं मुलींना एनडीएची परीक्षा खुली झाली, ऑगस्ट २०२२ मध्ये १४८ व्या कोर्सबरोबर पहिल्या १९ मुली आल्या आणि ३० मे २०२५ ला त्यातल्या १७ जणी पासआउट झाल्या. ड्रिल, क्लास, कॅम्प सगळं मुलांबरोबरच, काही फिजिकल टेस्टचे मापदंड तेवढे शरीराप्रमाणे वेगळे. हाडांचं जे वर लिहिलंय ते मुलींनी दुप्पट काळजीनं वाचा, स्ट्रेस फ्रॅक्चरचा धोका मुलींना जास्त असतो. पाळी बंद झाली किंवा फार अनियमित झाली तर "ताणामुळं होतं" म्हणून सोडून देऊ नये, जेवण कमी पडत असल्याची ती खूण असते आणि त्याचा हाडांशी थेट संबंध आहे. लोह आणि व्हिटॅमिन डी जायच्या आधीच तपासून घ्या. आणि तुमच्या नाशिकलाच आता मुलींची एसपीआय सुरू झालीय, २०२३ पासून, लेक दहावीच्या आसपास असेल तर तिथं चौकशी करा. ओटीए वाईट नाही पण ते ग्रॅज्युएशननंतर आहेच, आत्ता जिथं जायचं म्हणतेय तिथं जाऊ दे तिला.

मधेच सोडून आला तर पैसे भरावे लागतात म्हणे? आणि जखमी होऊन बाहेर पडला तर? — दोन-तीन पालक, वेगवेगळ्या गावांतून

स्वतःच्या मर्जीनं सोडलं तर ट्रेनिंगचा खर्च परत मागितला जातो, तसं पालकांकडून सुरुवातीलाच लिहून घेतात. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं, औषधपाणी सगळं सरकारचं असतं, खिशाचा खर्च तेवढा घरचा. एनडीएच्या तीन वर्षांत स्टायपेंड नसतो, तो पुढच्या वर्षी आयएमए (इंडियन मिलिटरी अकॅडमी), नेव्हल अकॅडमी किंवा एअर फोर्स अकॅडमीत गेल्यावर सुरू होतो.

जखमी होऊन बाहेर पडला तर खर्च मागत नाहीत. पण यातली खरी दुखरी गोष्ट वेगळी आहे. ट्रेनिंगमध्ये कायमचं अपंगत्व आलेल्या कॅडेटला माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, कारण तो अजून कमिशन झालेला, म्हणजे अधिकारी म्हणून नेमला गेलेला, नसतो. दरमहा जी मदत मिळते ती पेन्शन म्हणून नाही, एक्स-ग्रेशिया, म्हणजे सानुग्रह मदत म्हणून. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं याची स्वतःहून दखल घेतली. मला हे फार वर्षांपासून खुपतंय. अठरा वर्षांचा पोरगा देशाच्या मैदानावर, देशाच्या हुकुमानं पळताना पाठीचा कणा मोडून घेतो आणि आयुष्यभर कागदावर तो कुणीच नसतो, हे बदललंच पाहिजे आणि पालकांनी, माजी कॅडेटनी, सगळ्यांनी यावर बोलत राहायला हवं.

मी २३ वर्षांची, इंजिनिअरिंग झालंय, ओटीए चेन्नईला जातेय. एनडीएवाल्यांसाठी सांगितलेलं मला लागू होतं का? — कोल्हापूर

बरंचसं होतं. फरक एवढाच की तुमच्याकडं तीन वर्षं नाहीत, ४९ आठवडे आहेत, त्यामुळे सगळं दाबून बसवलेलं असतं. तिथं १९९२ पासून मुली ट्रेनिंग घेतायत, त्यामुळे मुलगी म्हणून तुमच्याकडं कुणी नवलाईनं बघणार नाही. अडचण वेगळी येते. तुम्ही हॉस्टेलला राहिलात, कदाचित नोकरी केलीत, स्वतःचे निर्णय स्वतः घेता, आणि अचानक कुणीतरी सांगतं की टॉवेल अशीच घडी करून याच बाजूला ठेवायचा. सतरा वर्षांचा पोरगा हे पटकन स्वीकारतो, तेवीसच्या माणसाला राग येतो. पहिले दोन आठवडे "हे कशासाठी" विचारू नका, नुसतं करा. आणि चेन्नईचा दमट उकाडा कोल्हापूरकरांना झेपायला वेळ लागतो, तहान लागायच्या आधी पाणी प्या, मीठ-साखरेचं पाणी पीत राहा. स्टायपेंड दरमहा ५६,१०० आहे, त्यातून मेस वगैरे कापून उरलेले घरी पाठवायची घाई करू नका, बूट चांगले घ्या.

नातू एनडीएत गेलाय, आम्ही वारज्यात राहतो, चांदणी चौकातून एवढंसं अंतर. रविवारी डबा घेऊन गेटवर गेलो तर भेटू देतील का? त्याला पुरणपोळी फार आवडते. — एक आजोबा, पुणे

आजोबा, नमस्कार. गेटवर जाऊन भेट मिळणार नाही, उगाच उन्हात उभे राहाल. पहिल्या टर्मच्या कॅडेटला बाहेर पडायला लिबर्टी, म्हणजे बाहेर जायची परवानगी, लागते आणि ड्रिल स्क्वेअर टेस्ट पास झाल्याशिवाय लिबर्टी मिळत नाही. त्या टेस्टला ड्रेस, चाल, वळणं, सॅल्यूट सगळं बारकाईनं बघतात आणि भलेभले पहिल्यांदा नापास होतात. तो पास झाला की स्वतः कळवेल. तोवर त्याच्या स्क्वाड्रन ऑफिसला फोन करून विचारा की पालकांना भेटीची परवानगी कधी असते, ती मिळाली तर रीतसर पास काढून जाता येतं.

पुरणपोळीचं म्हणाल तर एकट्यापुरती नेऊ नका. त्याच्या स्क्वाड्रनमधले फर्स्ट टर्मर किती आहेत ते आधी फोनवर विचारून घ्या, आणि तेवढ्या करा, वर दहा-बारा जास्त. तूप वेगळ्या डब्यात द्या. डबे परत मिळतील या आशेवर राहू नका, जुने असतील ते न्या.